आज कोण बसलंय?

बसा, जावईबापू. लग्न अजून व्हायचंय हे ठाऊक आहे मला, पण जिभेला आतापासून वळण लावून ठेवतो. ती खुर्ची नको, डुगडुगते. इकडे पलंगावर बसा. दिवे गेलेत ते इतक्यात यायचे नाहीत. आमच्या गल्लीचा आणि विजेचा जुना अबोला आहे. थांबा, मेणबत्ती कपात उभी करतो, म्हणजे वाऱ्यानं पडणार नाही.

बॅग तिथे दाराजवळच राहू द्या. सामान भरायला म्हणून आमची मोठी बॅग नेलीत आणि आज रिकामी परत आणलीत. शितावरून भाताची परीक्षा होते, तुम्ही तोंडानं काही सांगायची गरज नाही. नव्या गावची नोकरी तुम्ही नाकारणार आहात. कारण आमची पोरगी तुम्हाला म्हणालीय, "मी गेले तर बाबांकडे कोण बसेल?"

आत्ताही ती त्या आतल्या दारामागे, बोळात, तिच्या बाबांच्या, माझ्या दादाच्या खोलीबाहेर बसलीय. तुम्ही आल्याचं तिला कळलंय, पण तिची आई, आमची वहिनी, दुकानातून येईपर्यंत ती उठायची नाही. आमच्या घरात बसणं म्हणजे नुसतं बूड टेकणं नव्हे. "आज कोण बसलंय?" याचा अर्थ, आज दादावर नजर कुणाची, कान कुणाचा आणि कपाटाची किल्ली कुणाच्या मुठीत. तुमची होणारी बायको बोलायला लागली तेव्हा तिचं पहिलं अख्खं वाक्य हेच होतं. आम्ही हसलो होतो तेव्हा. आता आठवलं की हसू येत नाही.

वहिनी यायला अजून वेळ आहे. तोवर एक गोष्ट ऐका. ती ऐकून मग नोकरीचं काय ते ठरवा. मी ही कुणालाच पूर्ण सांगितलेली नाही, पोरीला तर नाहीच.

माझा दादा पाट्या रंगवायचा. दुकानांच्या, दवाखान्यांच्या, शाळांच्या. अक्षर असं की लोक पाटी वाचायला थांबायचे आणि मग दुकानात शिरायचे. ऐन तारुण्यात त्याचा आजार दिसू लागला. डॉक्टर त्याला मोठं नाव सांगायचे, आम्ही घरात दोनच शब्द ठेवले. दादा वर आहे, किंवा दादा खाली आहे. शेजाऱ्यांना वाटायचं, आम्ही मजल्याबद्दल बोलतोय.

वर असला की झोप नाही, भूक नाही, बोलणं थांबत नाही. एकदा अख्ख्या रस्त्याच्या पाट्या त्यानं फुकटात बदलल्या, मालकांना न विचारता. दातांच्या डॉक्टरांच्या दारावर लिहिलं, 'येथे हसणे दुरुस्त करून मिळेल.' डॉक्टर आधी भडकले, मग पाटी तशीच ठेवली. हे सांगताना मजा वाटते. पण त्याच दिवसांत त्यानं वहिनीचे दागिने रस्त्यावरच्या अनोळखी बाईला देऊन टाकले आणि आईनं अडवलं तर तिच्यावर हात उगारला. आणि मग खाली आला की भिंतीकडे तोंड. अंघोळ नाही, शब्द नाही. डोळे उघडे, पण त्यात घरातलं कुणी नाही.

मला त्याचा राग यायचा. खोटं कशाला बोलू? इतर घरांत भाऊ भावाशी साध्या गोष्टींवरून भांडतात, त्याचाही मला हेवा वाटायचा. आणि दादावर माझा जीव होता. ही दोन्ही माणसं माझ्यातच राहायची आणि एकमेकांशी बोलायची नाहीत. वहिनीचंही तसंच असणार, पण ती कधी बोलली नाही. चष्म्याच्या दुकानात दिवसभर दुसऱ्यांचे डोळे तपासायची आणि घरी येऊन नवऱ्याचे.

तर ते कपाट. बोळात भिंतीत बसवलेलं लोखंडी कपाट आहे, तुम्ही पाहिलंय. त्यात दादाच्या गोळ्या आणि घरातलं जे जे धारदार, ते सगळं. आईनं नियम घालून दिला होता. दादाला कोंडायचं नाही. "माणूस आहे तो, चोर नाही," म्हणायची. घराचं दार नुसतं ओढून घ्यायचं. पण कपाटाला कुलूप, आणि त्याची किल्ली खिळ्याला नाही, टेबलावर नाही, उशीखाली नाही. हातातून हातात. ज्याच्या हातात किल्ली तो बसलेला. घेणाऱ्यानं मूठ मिटून म्हणायचं, "माझ्याकडे आली." हे शब्द कानावर पडल्याशिवाय देणाऱ्यानं हात सोडायचा नाही. आम्हाला हे पोरकट वाटायचं. आई म्हणायची, "दोघांना वाटतं दुसऱ्याकडे आहे, तिथेच घर बुडतं."

लहानशी पितळी किल्ली आहे. तिच्यावर दादाच्या निळ्या रंगाचा एक थेंब वाळलेला आहे.

आई गेली. सगळ्यात जास्त तीच बसायची, त्यामुळे ती गेल्यावर घराचा एक खांबच काढून नेल्यासारखं झालं. राहिलो वहिनी आणि मी. मी पहाटे बेकरीत जायचो, दुपारपर्यंत वहिनी बसायची, मग मी येऊन बसायचो आणि ती दुकानात जायची. संध्याकाळी वहिनी पाळणाघरातून पोरीला घेऊन यायची आणि मी पुन्हा भट्टीवर. दोघंही इतके थकलेले की आईचा नियम आम्ही जरा आखूड केला. आई असताना किल्ली दारात, उजेडात, एकमेकांचं तोंड बघून दिली जायची. आम्ही ती जिन्यातच द्यायला लागलो. ती चढत असायची, मी उतरत असायचो. हात पुढे, किल्ली, "माझ्याकडे आली," की मी खाली, ती वर. तेवढाच वेळ वाचायचा.

आमचा जिना कसा आहे, तुम्ही आत्ताच चढून आलात. शेजारी इमारत उठली तेव्हा जिन्याची खिडकी विटांनी बुजवली गेली. दिवा नसला की भर दुपारीही हाताला हात दिसत नाही. ओल्या चुन्याचा वास आणि स्वतःच्याच पावलांचा आवाज, बस.

ते दिवस वाईट होते. दादा बराच काळ खाली होता आणि नुकता हलायला लागला होता. चार घास खायचा, खिडकीपर्यंत जायचा. आम्हाला आनंद झाला. पण त्याच्या डॉक्टरीणबाईंनी आम्हा दोघांना बाहेर घेऊन सांगितलं, "आनंद करा, पण आता जास्त जपा. अंगात बळ आधी येतं, मनात उजेड नंतर. या मधल्या दिवसांत माणूस आपलं बरंवाईट करून घेतो."

त्या संध्याकाळी मी बोळात बसलो होतो. दादा खोलीत निजलेला. बेकरीतून मालकाचा निरोप आला. भट्टीवाला आजारी पडला होता, मीठ-यीस्ट घातलेली कणीक फुगून बसली होती, लवकर ये म्हणून. मी वहिनीला दुकानात फोन केला. ती म्हणाली, "निघालेच, भाऊजी." मी जरा वाट पाहिली. दादाच्या खोलीत डोकावलो, त्याचा श्वास संथ चालला होता. दिवे गेलेले होते, आजच्यासारखेच. वहिनी जिन्यातच भेटेल असं धरून मी दार ओढून घेतलं आणि उतरायला लागलो.

एक जिना उतरून वळलो, तर जवळच कुणीतरी होतं.

दिसलं काहीच नाही. पण माणूस असल्याचं कळतं ना अंधारात? श्वासाची ऊब... नाही, ऊब नव्हती. नुसतं कळलं. मी म्हटलं, "वहिनी?" उत्तर आलं नाही. दमली असेल, पोरीला कडेवर घेऊन चढतेय, असं वाटलं. मी घाईत होतो. हात पुढे केला. अंधारातून हात आला, माझ्या हाताखाली तळवा धरला. गार होता. कठीण, चरचरीत तळवा. बोटं माझ्या बोटांवर मिटली, आणि त्यातलं एक बोट मला लागलंच नाही, तिथे नुसती मोकळी जागा होती. मग अगदी हलका, घसा बसल्यासारखा आवाज आला.

"माझ्याकडे आली..."

मी हात सोडला आणि धडाधड उतरलो. सवय वाईट असते, जावईबापू. शब्द बरोबर होते, म्हणजे सगळं बरोबर.

बेकरीत पोचलो, भट्टी पेटवली, पावांची पहिली ताटं आत सारली. अंगाला ऊब लागली तसा तो गार हात जरा विसरलो. तेवढ्यात दुकानाच्या पुढच्या बाजूला ओळखीचा आवाज आला. मी पडदा सारून पाहिलं. वहिनी उभी होती, कडेवर पोरगी, पोरीच्या हातात पावाचा तुकडा.

तिनं मला पाहिलं आणि तिचं हसू जागच्या जागी थांबलं.

"भाऊजी... तुम्ही इथे?"

"तुम्ही घरून आलात का परत?" मी विचारलं.

"घरी कुठे गेलेय? दुकानात एक आजोबा आले शेवटी, त्यांचा चष्मा... भाऊजी, तुम्ही इथे, मग वर कोण बसलंय?"

"किल्ली तुम्हाला दिली ना मी. जिन्यात."

तिनं फक्त आपला रिकामा हात उघडून मला दाखवला.

त्या क्षणी मला एक गोष्ट आठवली. तो हात वरून आला होता. वहिनी खालून चढणारी. पण तो हात माझ्या वरच्या पायरीवरून आला होता. म्हणजे मी वळलो तेव्हा तो माणूस माझ्या मागे होता, आमच्याच दाराकडून उतरत आलेला. आणि आमच्या घरात त्या वेळी एकच माणूस होता.

ज्या हातापासून किल्ली लपवण्यात आमची सगळी वर्षं गेली, त्याच हातात मी ती नेऊन ठेवली होती.

आम्ही पळालो. पोरगी वहिनीच्या कडेवर हिंदकळत होती, तिला तो खेळ वाटला, ती खिदळत होती. वहिनी पळता पळता एवढंच म्हणत होती, "उघडलं नसेल... उघडलं नसेल..." मी मनात आईला शिव्या देत होतो, का गेलीस म्हणून. आणि खरं सांगू? पळताना एक क्षण असाही आला की मनात म्हटलं, संपलं असेल तर संपलं. पुढच्याच पावलाला त्या विचाराची लाज वाटून मी रडायला लागलो. तुम्ही या घरात येणार आहात म्हणून सांगतो. असे विचार येतात. ज्याला येत नाहीत तो बसलेलाच नाही.

दार तसंच ओढलेलं होतं. आत गेलो. बोळातली खुर्ची मी सोडली तेव्हा भिंतीला लागून होती, ती आता कपाटाच्या पुढ्यात सरकवलेली होती. कपाट बंद. कुलूप जागेवर. मी ते ओढून पाहिलं, पुन्हा पुन्हा ओढून पाहिलं.

दादा पलंगावर बसला होता. कित्येक दिवसांत पहिल्यांदा भिंतीकडे पाठ करून. उजवी मूठ गच्च मिटलेली. वहिनीनं ती हळूच उघडली. आत किल्ली होती. इतकी घट्ट धरलेली की तळव्यावर तिचा ठसा उमटला होता.

"कुठून आणली?" मी विचारलं. माझा आवाज मलाच ओळखू येत नव्हता.

दादा माझ्याकडे पाहत राहिला. मग म्हणाला, "तूच दिलीस की."

"जिन्यात? तू जिन्यात आला होतास?"

"जिन्यात कशाला येऊ? इथे दिलीस. मी उठलो होतो... कपाटाशी गेलो. मला उघडायचंच होतं ते. आज उघडायचंच होतं. तर तू खुर्ची आडवी घालून बसलेला. किती थकलेला दिसत होतास रे. ओरडला नाहीस, काही नाही. बराच वेळ आपण नुसते बसलो. मग तू म्हणालास, आता मला उठायला हवं. आणि किल्ली माझ्या हातात ठेवलीस. म्हणालास, म्हण. मी म्हटलं, माझ्याकडे आली."

वहिनीनं तोंडावर पदर दाबला.

"मग?" मी म्हटलं.

"मग काय? माझ्याकडे आली म्हटल्यावर बसायला नको का? मी बसलो."

डॉक्टरीणबाईंनी दुसऱ्या दिवशी सगळं नीट उलगडून सांगितलं. दादाच माझ्यामागे जिन्यात आला, त्यानंच किल्ली घेतली. मनात दोन दादा भांडत होते, त्यातल्या जगू पाहणाऱ्या दादाला त्यानं माझं रूप दिलं. किल्ली हातात असून कपाट उघडलं नाही, ही फार मोठी गोष्ट आहे, म्हणाल्या. त्याला विश्वासात घ्या. तेव्हापासून बऱ्या दिवसांत दादा स्वतःच किल्ली मागून घ्यायला लागला. "आज माझ्यावर मीच बसतो, तुम्ही सिनेमाला जा," म्हणायचा. आम्ही गेलोही एकदा. सिनेमा काय होता ते आम्हा दोघांनाही आठवत नाही, पण गेलो होतो.

बाईंचं म्हणणं मी मान्य केलं. शहाण्या होत्या, आणि मला झोप हवी होती. फक्त दादाचे हात मी एकदा बारकाईनं पाहिले. रंगाऱ्याचे मऊ हात. सगळी बोटं शाबूत.

जरा मेणबत्ती सरकवा इकडे. हा माझा उजवा हात बघा. तुम्ही पहिल्यांदा घरी आलात तेव्हाच पाहिला असणार, भलेपणानं विचारलं नाहीत. करंगळीशेजारचं बोट. पेरापासून पुढे नाही. हे नंतर गेलं, जावईबापू. त्या संध्याकाळनंतर बऱ्याच वर्षांनी. पोरगी शाळेत जायला लागली होती. कणीक मळायच्या यंत्रात अडकलेलं फडकं काढायला हात घातला, बंद न करता. दादा तेव्हा वर होता, मी कित्येक दिवस नीट झोपलो नव्हतो.

जखम भरली, पट्टी सुटली. दादा तोवर ठीक झाला होता. जेवताना त्यानं माझा हात धरला, उलटासुलटा करून पाहिला, एखादी जुनी पाटी तपासावी तसा. मग म्हणाला, "हां. त्या दिवशी असंच होतं हे बोट. मी म्हटलं नाही तुला, वाईट वाटेल म्हणून." आणि पुढचा घास घेतला.

मी ताट बाजूला सारलं.

आणि आवाज. स्वतःचा आवाज माणसाला कुठे ओळखता येतो? पण मागे पोरीनं मोबाइलवर माझं बोलणं टिपलं आणि मला ऐकवलं. सर्दी झाली होती, घसा बसला होता. ऐकलं आणि मी मोबाइल खाली ठेवला. जिन्यातला तोच आवाज होता. फक्त त्यात अजून थोडं म्हातारपण यायचं बाकी आहे.

जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात. मी म्हणतो, मेल्यावर जाते हे तरी कुणी पाहिलंय? आयुष्यभर ज्या खुर्चीत बसलो, त्या खुर्चीतून मी मेल्यावरही उठणार नाही बहुतेक. आधी भीती वाटायची याची. आता म्हणाल तर एक प्रकारचं समाधान आहे. दादाच्या सगळ्यात वाईट संध्याकाळी त्याच्याजवळ माणूस होतं, आणि ते माणूस मी होतो, हे थोडं नाही. म्हणून सांगतो, तुम्ही नोकरी घ्या. पोरीला घेऊन जा. दादाकडे कोण बसेल याची काळजी तिनं करू नये. बसायला माणूस आहे. आत्ताही आहे, नंतरही आहे.

तुम्ही म्हणाल, काका, एवढंच असेल तर तिलाही हे सांगा, तिचाही जीव भांड्यात पडेल.

तिला सांगता येत नाही. मघाशी मी एक गोष्ट गाळली.

जिन्यात तो हात माझ्या हातावर मिटला, तेव्हा त्या हाताच्याही मागे, आणखी वरच्या पायऱ्यांवर, दुसरं कुणीतरी होतं. दिसलं नाही, बोललं नाही. फक्त बोटं मोडल्याचा आवाज आला. एकेक बोट, सावकाश. करंगळीपासून सुरू करून अंगठ्यापर्यंत, आणि मग जरा थांबून पुन्हा करंगळी. वाट बघत बसलेलं माणूस मोडतं तशी.

आईला ती सवय नव्हती. वहिनीला नाही, दादाला नाही, मला नाही. कित्येक वर्षं मी तो आवाज कुठलातरी असेल म्हणून विसरून गेलो. मग पोरगी मोठी झाली. दहावीच्या सुट्टीत हट्ट धरून पहिल्यांदा बसली. किल्ली तळव्यात घेतली, "माझ्याकडे आली" म्हणाली, मला डोळा मारला. मी इथेच, तुम्ही बसलात तिथे, आडवा झालो. डोळा लागत होता. आणि त्या दारामागून आवाज आला. करंगळीपासून अंगठ्यापर्यंत. जरा थांबून पुन्हा करंगळी.

तुम्हीही ऐकला असेल तिचा तो चाळा. सिनेमाच्या रांगेत, बस उशिरा आली तर. लोक कुणाच्या तरी नावानं बोटं मोडतात, ही आपली उगाचच मोडते, असं म्हणून मी तिला चिडवतो. चिडवतो आणि तिथून उठून जातो.

कडेवर बसून पाव खात होती हो ती तेव्हा, बेकरीत. सगळे दातही यायचे होते तिला.

पण मी असं धरून चाललोय. हात माझा होता, तो मला लागला, त्याचा गारवा मी अजून विसरलेलो नाही. म्हणजे माझं पक्कं आहे. तिचा मात्र नुसता आवाज होता, तोही लांब, वरच्या पायऱ्यांवर. म्हणजे तिचं अजून पक्कं नसेल. तिला दुसरं घर मिळालं, दुसऱ्या कशाची तरी वाट बघायची सवय लागली, तर कदाचित तो आवाज त्या जिन्यातून पुसला जाईल. वेडेपणा असेल. पण दादाचं मत विचाराल तर तोही हेच म्हणतो. परवा मला म्हणाला, "तिला पाठव रे. मला ती आवडते म्हणून पाठव." एवढं नीट वाक्य तो फार दिवसांनी बोलला. ज्याच्यासाठी ती थांबलीय, त्यालाच तिनं थांबायला नकोय.

बॅग परत घेऊन जा. भरूनच आणा आता. तिची समजूत मी घालतो. रडेल, भांडेल, मला दुष्ट म्हणेल. म्हणू दे. आज वहिनी आली की किल्ली तिच्या हातात पडेल आणि मी पोरीला सांगेन, हे शेवटचं बसणं.

थांबा... श्श.

ऐकलंत? बघा, हाच तो. करंगळी... मग पुढचं... सावकाश. कंटाळली असेल बिचारी, तुम्ही आलात आणि मी तुम्हाला इथेच अडकवून ठेवलं. हाक मारतो तिला, क्षणभर मी बसेन आत.

आज जरा जवळून आल्यासारखा वाटला, नाही?

पण जावईबापू... पोरगी आत आहे. या दारामागे. तुम्ही जिन्याच्या दाराकडे का बघताय?